कोंडवाडा खात्यातली तुळसाअक्का

माझ्या हातून आयुष्यात एकच लोकोपयोगी काम झालं, आणि तेही चुकून. चूक माझी होती, काम तुळसाअक्काचं होतं. तरीही गावात लोक पुष्कळ दिवस उलट समजत होते आणि मी कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

गावाचं नाव सांगत नाही. धुळ्याहून आग्रा रोडने उत्तरेला निघालं की लागतं एवढं पुरे. त्या वेळच्या म्युनिसिपल कमिटीतल्या सभासदांचे नातू आता वकील झाले आहेत. मी त्या म्युनिसिपालिटीत बारनिशी कारकून होतो, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या टपालाला नंबर घालायचा आणि ते कुठे गेलं हे कुणी विचारलं तर डोकं खाजवायचं. वय तेवीस. अक्कल त्याहून लहान.

आमचं गाव सडकेच्या एका अंगाला आणि शाळा दुसऱ्या अंगाला. शाळेसाठी गावाबाहेरची जागा फुकट मिळाली तेव्हा आग्रा रोडवरून बैलगाड्या जात. पुढे सर्व्हिस मोटारी आल्या, मग कापसाच्या लॉऱ्या आल्या. शाळा होती तिथेच राहिली. दिवसातून दोनदा दोनेकशे पोरं पाट्या-दप्तरं घेऊन ती सडक ओलांडत.

तिथेच मी तुळसाअक्काला पहिल्यांदा पाहिलं. उंच, वाळकी बाई. पायात वहाणा नाहीत, लुगड्याचा रंग कोणे एके काळी हिरवा. शाळा भरताना आणि सुटताना ती सडकेच्या कडेला उभी असे. पोरांना बोरं विकायची, पण टोपली नाही, गोणपाट नाही. बोरं ओच्यात बांधलेली, वरून पदर. पोरगं सडक ओलांडून पलीकडे पोचलं की मगच त्याच्या हातावर मूठभर बोरं पडत. अलीकडे कितीही रडलं तरी नाही.

मी नवा होतो, हुशार होतो. मला वाटलं, ही बाजारकर चुकवायला माल लपवते. लगोलग पावती-पुस्तक घेऊन गेलो.

"बाई, कर भरा."

"कसाना कर?"

"दुकानाचा."

तिने सावकाश आजूबाजूला पाहिलं. "दुकान कोठे शे? माले दखाड."

तिची बोली अशी अहिराणी होती. मीही खानदेशातलाच, पण जळगावात इंग्रजी तिसरीपर्यंत शिकल्यामुळे मी अहिराणी समजत नसल्याचा आव आणत असे. दुकान दाखवणं मला जमेना. पदराकडे बोट दाखवावं तर चारचौघांत मार खायचा प्रसंग. मी पावती-पुस्तक मिटलं आणि ऐटीत परत फिरलो. परत म्हणजे सडक ओलांडून, अर्थात न बघता.

पोटरीवर सणकन काहीतरी बसलं. मी कोलमडून मागे आलो आणि नाकासमोरून कापसाची लॉरी गेली. अक्काच्या हातात पऱ्हाटीची, म्हणजे वाळल्या कपाशीची काठी होती. तिच्या टोकाला लाल लुगड्याची चिंधी.

"तुना पायले डोया शेतस का?" एवढं विचारून तिने माझं मनगट धरलं, एका पोरीच्या आणि एका शेंबड्या पोराच्या मधे मला उभं केलं, चिंधी वर केली आणि सगळ्यांना पलीकडे नेऊन सोडलं. मला बोरं मिळाली नाहीत. बाकीच्यांना मिळाली.

तेव्हापासून ती मला कारकूनभाऊ म्हणू लागली आणि मी सडकेवर दिसलो की मनगट धरू लागली. ऑफिसात याची बातमी माझ्या आधी पोचायची.

तिची मोटारींशी बोलण्याची तऱ्हा निराळी होती. लॉरीला ती हल्या, म्हणजे रेडा, म्हणे. भोंगा वाजला तर म्हणे, "हंबरस कसाले? पोरे जाई ऱ्हायनात." ड्रायव्हरने शिवी दिली तर एकच सवाल, "सडक कोना बापनी शे?" याचं उत्तर ड्रायव्हरांपाशी नसे. आमच्या कमिटीपाशीही नव्हतं, पण कमिटीने ते शोधायला तीन बैठका घेतल्या.

झालं असं की मी गावात येण्याच्या आदल्या वर्षी एक पोरगा लॉरीखाली सापडला. दुसरीतला, जिनिंग कारखान्यातल्या मजुराचा. तो जागच्या जागी गेला. कमिटीने दुखवट्याचा ठराव केला आणि सडकेवर एक मोठी पाटी लावली. पाटी इंग्रजीत होती, कारण रंगाऱ्याला तोच नमुना येत होता. आणि तिचं तोंड शाळेकडे होतं, कारण अध्यक्ष नानासाहेबांना शाळेच्या समारंभाला आले की ती खुर्चीतून वाचता यावी. ड्रायव्हरांना तिची पाठ दिसे. गाडी हळू हाका, हे पहिलीतल्या पोरांना बजावण्यात आलं होतं.

मग हेडमास्तरांनी अर्ज केला की सडकेवर एक माणूस पगारी नेमावा. शिक्षण कमिटी म्हणाली, पोरं फाटकाबाहेर पडली की आमची नाहीत. बांधकाम कमिटी म्हणाली, सडक आमच्याकडे आहे, पोरं नाहीत. शिवाय सडक सरकारी. आरोग्य कमिटीने लॉरी हा साथीचा रोग नाही असा निर्वाळा दिला. थोडक्यात, पोरं शाळेत होती तेव्हा एका खात्याची होती, घरी आईबापांची होती, आणि मधल्या वीस पावलांत कुणाचीच नव्हती.

नानासाहेबांचा स्वतःचा जिनिंग कारखाना होता आणि निम्म्या लॉऱ्या तिकडेच येत. ते म्हणाले, "माणूस नेमायला माझी हरकत नाही. पण पैसे कोणत्या खात्यातून द्यायचे ते आधी दाखवा." हे वाक्य बोलून ते तक्क्याला टेकले. एरवी या वाक्यापुढे बैठक संपत असे.

आमचे हेडक्लार्क आबाजी मला म्हणाले, "बघ रे, कुठे रिकामी जागा दिसते का." म्हणायची पद्धत म्हणून म्हणाले. पण मी खरंच बघितलं, आणि सापडली. कोंडवाड्यात मोकाट जनावरं पकडायला दोन रखवालदार मंजूर होते आणि दुसरा वर्षापूर्वी सोडून गेला होता. जागा होती, पगार होता, माणूस नव्हता. मी ऐन चहाच्या वेळी ठराव वाचला: "कोंडवाड्याकडील रिकाम्या जागी एक इसम नेमून त्यास शाळेसमोर उभे करावे." खातं दाखवलं होतं, त्यामुळे नानासाहेबांना बोलायला जागा उरली नाही. ठराव मंजूर झाला. हेडमास्तरांनी नाव सुचवलं, मी ते लिहिलं, आणि तुळसा नावाचा इसम नोकरीत रुजू झाला.

हेडमास्तरांनी माझी पाठ थोपटली. मला वाटलं, आपण थोर आहोत. ही भावना मला जेव्हा जेव्हा झाली तेव्हा पुढल्या महिन्यात काहीतरी झालेलं आहे.

अक्काला सरकारी बिल्ला मिळाला. पितळेचा, वर बैलाचं तोंड. तिने तो उलटासुलटा करून बघितला आणि पदराला लावला. "माले बैल कर्‍या का?" एवढंच म्हणाली. पुढे ती बिल्ला चिंचेने घासायची. गावातल्या देवांपेक्षा तो बैल चकचकीत असे.

पण कोंडवाडा खात्याला महिन्याचा तक्ता भरावा लागतो. किती जनावरं पकडली, प्रकार, रंग, शिंगांची ठेवण, मालक, दंड. अक्काच्या नावापुढे काय लिहायचं? आबाजी म्हणाले, "शून्य लिहिलंस तर जागा जाईल." मी विचार केला, खोटं लिहायचं नाही आणि शून्यही लिहायचं नाही. तेव्हा मी लिहिलं: संख्या, रोज दोनशे, दोन वेळा. प्रकार, लहान. रंग, मिश्र. शिंगे, नाहीत. मालक, निरनिराळे. दंड, नाही. शेरा, सुरक्षित पलीकडे नेऊन सोडली. सही करून तक्ता धुळ्याला पाठवला आणि त्या दिवशी स्वतःला जिलबी चारली.

मधे एकदा गोरे प्रांतसाहेब त्या सडकेने गेले. अक्काने त्यांची मोटार अडवली, पोरं निघाली आणि अर्ध्यात एका पोराला आठवलं की पाटी शाळेतच राहिली. तो परत गेला. अक्काने चिंधी खाली केली नाही. प्रांतसाहेबांनी घड्याळ काढलं, ठेवलं, परत काढलं. पोरगं पाटी घेऊन, वाटेत ती थुंकीने पुसत, रमतगमत आलं. मग मोटार सुटली.

कमिटीच्या तोंडचं पाणी पळालं. नानासाहेबांनी मला हार-गुच्छ देऊन डाकबंगल्यावर माफी मागायला धाडलं. व्हरांड्यात कोट-पाटलोण घातलेला एक भारदस्त गृहस्थ उभा होता. मी हार घातला, वाकलो, आणि पाठ केलेलं इंग्रजी सगळं बोलून टाकलं. त्याने फार प्रेमाने ऐकून घेतलं. तो साहेबांचा बटलर होता हे मला फाटकाबाहेर आल्यावर माळ्याने सांगितलं. साहेबांना माफी कधी पोचली नाही आणि त्यांनी कधी तक्रारही केली नाही. पण नानासाहेब तेव्हापासून ती जागा कमी करण्याची संधी शोधत होते. त्यांच्या लॉऱ्याही रोज दोन वेळा खोळंबत होत्या.

संधी धुळ्याहून टपालाने आली. ऑडिटरचं पत्र होतं. शिंगे नसलेली, मिश्र रंगाची दोनशे लहान जनावरे रोज दोन वेळा पकडून दंडाशिवाय सोडून देण्याचे कारण काय, त्यांचे मालक कोण, व त्यांच्या चाऱ्याचा खर्च तक्त्यात का नाही, याचा समक्ष खुलासा घेण्यासाठी सोमवारी येत आहे.

मी पत्राला नंबर घातला. मग ते परत वाचलं आणि आणखी एकदा घातला.

नानासाहेब फार दिवसांनी खुशीत दिसले. "सोपं आहे," ते म्हणाले. "त्या बाईने आजवर एक तरी जनावर धरलं असेल तर जागा राहील. नसेल तर सोमवारी संध्याकाळपासून बंद. आणि कारकूनमहाशय, तुमचं काय ते ऑडिटरसाहेब ठरवतील."

मी अक्काला सांगायला गेलो. शाळा भरून गेली होती, ती कडुनिंबाखाली बसून बोरं निवडत होती. मी सगळं सांगितलं आणि म्हणालो, "अक्का, तुमचं एक बरं आहे. पगार गेला तरी बोरांचा धंदा आहे. टोपली घेऊन नीट बसलात तर दुपटीने विकतील. लपवून का विकता, ते मला अजून कळलं नाही."

तिने एक किडकं बोर बाजूला टाकलं. मग म्हणाली की आधी टोपलीच होती. गावाच्या बाजूला मांडून बसायची, लालभडक बोरांचा ढीग, सडकेपलीकडून दिसावा असा. त्या दिवशी शाळा सुटली आणि तो दुसरीतला पोरगा टोपली बघूनच धावत सुटला.

"त्याना मूठमा पैसा व्हता," ती म्हणाली. "मन्हा बोरेसना."

मी तिच्याकडे एकदा करवसुलीला गेलो होतो, हे मला त्या क्षणी आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

"पगार ऱ्हायो का जावो," ती म्हणाली. "पन बिल्ला नही ते हल्या थांबत नही. आधी नुसती चिंधी व्हती तवय कितला थांबेत? जनावर धरनं, इतलंच ना?"

सोमवारी ऑडिटर सर्व्हिस मोटारीने उतरले. बारीक गृहस्थ, काळी छत्री, चष्मा दोऱ्याने बांधलेला. त्यांनी कोंडवाडा पाहिला. तिथे पहिला रखवालदार झोपला होता, बाकी कोणी नव्हतं. "ती दोनशे कुठे आहेत?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "सध्या अंकगणित चालू आहे." त्यांनी चष्मा काढून मला पाहिलं आणि म्हणाले, "दाखवा."

आम्ही शाळेशी पोचलो तेव्हा सुटायला थोडाच अवकाश होता. ऑडिटरांच्या स्वागताला नानासाहेब आपल्या दमणीतून, त्या हलक्या सवारीच्या गाडीतून, आधीच येऊन हेडमास्तरांच्या खोलीत बसले होते. त्यांच्या गाडीवानाने बैल सोडून, ते तसेच निंबाखाली ठेवून, चहाची वाट धरली होती. पांढरीशुभ्र खिल्लारी जोडी. त्यातला एक सावलीला कंटाळून आग्रा रोडच्या मधोमध जाऊन उभा राहिला होता आणि बैलाला शोभेल त्यापेक्षा जास्त विचार करत होता.

अक्काने बैलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात शाळेची घंटा झाली.

आता तिची पंचाईत मला समजली. कोंडवाडा गावाच्या त्या टोकाला. बैल न्यावा तर पोरं सडकेवर एकटी. पोरं न्यावीत तर तोवर गाडीवान येऊन बैल बांधणार, आणि संध्याकाळपासून सडकेवर कुणीच नाही. ती फक्त क्षणभर थांबली. मग पऱ्हाटीची काठी माझ्या हातात खुपसली आणि पदरावरचा बिल्ला काढून माझ्या कोटाला लावला.

"तू उभा ऱ्हाय. बठ्ठा पोरे जाईपावत हात खाले करू नको."

"अक्का, मला जमणार नाही."

"माले माहीत शे," ती म्हणाली आणि बैलाच्या वेसणीला हात घालून चालू लागली.

मी सडकेच्या मधोमध. मागून दोनशे पोरं. समोरून कापसाची लॉरी, नानासाहेबांच्याच कारखान्याची. मी चिंधी वर केली. लॉरीने भोंगा वाजवला. मला अक्काचं ते हंबरण्याचं वाक्य म्हणायचं होतं, पण तोंडातून जे निघालं ते "कृपया" असं होतं. लॉरी थांबेना. हात आपोआप खाली येऊ लागला होता, हे मी आज कबूल करतो. तेवढ्यात माझ्या शेजारी फट्कन आवाज झाला. ऑडिटरांनी छत्री उघडून ढालीसारखी पुढे धरली होती. त्यांचे डोळे मिटलेले होते. लॉरी छत्रीपासून दोन हातांवर थांबली.

पोरं गेली. सगळ्यांत शेवटी ती पाटीवाली स्वारी गेली, पाटी पुसत. ऑडिटर पुटपुटत मोजत होते. मोजून झाल्यावर त्यांनी छत्री मिटली आणि म्हणाले, "तुमचा आकडा बारा-पंधराने जास्त आहे."

"काही तापाने घरी असतील, साहेब."

"शिंगे नाहीत हे मात्र बरोबर आहे."

मग आम्ही कोंडवाड्यात गेलो. नानासाहेब घामाघूम होऊन आमच्या आधी पोचले होते. आत त्यांचा खिल्लारी, दारात अक्का.

"माझा बैल सोड," नानासाहेब म्हणाले.

"दंड भर, भाऊ," अक्का म्हणाली. "बैल सडकवर एकला व्हता. सडक कोना बापनी शे?"

नानासाहेबांनी ऑडिटरांकडे पाहिलं. ऑडिटरांनी नोंदवही उघडून दौतीचं झाकण काढलं. दंड भरला गेला आणि मी माझ्या कारकिर्दीतला पहिला खरा तक्ता भरला. प्रकार, बैल. रंग, पांढरा. शिंगे, डौलदार. मालक, अध्यक्ष.

ऑडिटरांचा शेरा पंधरा दिवसांनी आला. जागा आवश्यक दिसते. मात्र मुलांची नोंद जनावरांच्या रकान्यात करू नये, वेगळा रकाना आखावा. तसेच सदर कारकुनास रस्ता ओलांडताना जपावे. खातं मात्र त्यांनीही बदललं नाही. ते बदलायला तीन कमिट्यांची संमती लागली असती. त्यामुळे वर्षाकाठी एक तरी जनावर धरल्याशिवाय अक्काची जागा टिकत नव्हती. यातून आमच्या गावात एक रीतच पडली. दर मार्चमध्ये कमिटीचा एकेक सभासद आळीपाळीने आपलं जनावर शाळेसमोर मोकळं सोडी, अक्का ते धरी, सभासद दंड भरी, पोरं टाळ्या वाजवत. नानासाहेब पहिल्या वर्षी या पोरखेळाच्या विरुद्ध बोलले. दुसऱ्या वर्षी त्यांची नात पहिलीत गेली आणि त्यांनी आपणहून बैल पाठवला, झूल घालून.

पुढे माझी नोकरी जळगावला लागली. गाव सुटलं. पुष्कळ वर्षांनी, दुसरी लढाई संपल्यानंतर, एकदा शिरपूरहून सर्व्हिस मोटारीने धुळ्याला चाललो होतो. डुलकी लागली होती. मोटार थांबली, कुणीतरी चिडून का थांबली विचारलं, आणि ड्रायव्हर इंजिन बंद करत म्हणाला, "अक्का शे."

मी बाहेर डोकं काढलं. पाठ वाकली होती, पण काठी सरळ होती. चिंधी नवी दिसली. पदरावर बैलाचं तोंड चकाकत होतं. मागची इंग्रजी पाटी अजून शाळेकडेच तोंड करून उभी होती.

मला राहवलं नाही. मी उतरलो आणि मोटारीच्या पुढून, "अक्का, ओळखलंत का?" असं म्हणत थेट तिच्याकडे निघालो. पोटरीवर सणकन बसली. जागा तीच. तिने माझं मनगट धरलं, डोक्यावर पांढरे केस असलेल्या मला दोन परकऱ्या पोरींच्या मधे उभं केलं, आणि रांग हलली.

आम्ही पलीकडे पोचलो. चिंधी खाली झाली आणि मोटार सुटली. मी त्याचाच उतारू आहे हे ड्रायव्हरला माहीत नसावं. टपावर माझी ट्रंक होती, ट्रंकेत नवा कोट आणि ऑफिसचे सगळे कागद.

"अक्का, माझी पेटी गेली," मी म्हणालो.

तिने ओच्यात हात घातला आणि दोन्ही पोरींच्या हातांवर मूठ-मूठ बोरं ठेवली. मग माझा पंजा उलटा करून त्यावरही ठेवली.

"पेटी गयी ते जाऊ दे, कारकूनभाऊ," ती म्हणाली. "तू ते सुखरूप उना ना इकडे?"

आणि ती सडकेकडे वळली. पलीकडे अजून पोरं उभी होती.